घरची भाषा आणि पडद्यामागची भाषा : तमिळ मुलखातील फिरते बाहुलीकार

एडगर थर्स्टन यांनी के. रंगाचारी यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला दक्षिण भारतातील जातीजमातींचा सात खंडांचा कोश १९०९ साली मद्रासच्या सरकारी मुद्रणालयातून बाहेर पडला. १८८५ ते १९०८ या काळात थर्स्टन मद्रासमधील एग्मोर येथील सरकारी वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षक होते आणि कोशाची बैठकही वस्तुसंग्रहालयाचीच आहे. प्रत्येक समाज एकेका कप्प्यात, त्याच्या खाली नाव, व्यवसाय, चालीरीती. या कप्प्यांपैकी एक 'किळ्ळेक्यात' या समाजाचा. कातड्याच्या रंगीत आकृती पडद्याआड नाचवून रामायण-महाभारताचे प्रसंग दाखविणारे, गावोगाव फिरणारे आणि मराठी बोलणारे लोक, अशी त्यांची ओळख तेथे आढळते. मद्रास इलाख्याच्या राजधानीत, इंग्रजीत आणि मानववंशशास्त्राच्या सदरात झालेली ही नोंद मराठी साहित्याच्या किंवा नाट्याच्या इतिहासकारांनी फारशी उघडून पाहिली नाही. तसे होण्याचे कारणही सरळ होते. हे लोक मराठी बोलत असले तरी त्यांचा खेळ मराठीत होत नव्हता.

घरात एक भाषा आणि पडद्यामागे दुसरी, अशी विभागणी करून पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या कलावंताचे स्थान कोणत्या वाङ्मयाच्या इतिहासात असावे, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाला नवा नाही. दरबारी कवींच्या बाबतीत तो वारंवार विचारला गेला आहे. फिरत्या बाहुलीकाराच्या बाबतीत मात्र तो विचारला गेला नाही, आणि त्याची जीवनरीत पाहिल्याशिवाय तो नीट मांडताही येत नाही.

तमिळनाडूत बाहुल्यांच्या खेळाचे दोन ठळक प्रकार आहेत व ते निरनिराळ्या माणसांच्या हाती आहेत. पहिला लाकडी, दोऱ्यांच्या बाहुल्यांचा 'बोम्मलाट्टम्'. त्याची घरे कुंभकोणम् आणि मायिलाडुदुरै या कावेरीकाठच्या पट्ट्यात. दुसरा कातडी छायाबाहुल्यांचा 'तोल्पावैकूत्तु'. त्याला असे एक ठाणे नाही. त्याचे कलावंत मदुरै, तिरुनेलवेली, कन्याकुमारी या दक्षिणेकडील जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. मराठी वाचकाला 'कळसूत्री बाहुली' म्हटले की पिंगुळीच्या ठाकरांची लहानशी, हलकी, चार दोऱ्यांवर डुलणारी बाहुली आठवते. बोम्मलाट्टम्‌ची बाहुली पाहताच हे चित्र मोडते. ती साडेचार फुटांपर्यंत उंच असते आणि तिचे वजन दहा किलोपर्यंत जाते. भारतातील पारंपरिक कळसूत्री बाहुल्यांत एवढी मोठी आणि जड बाहुली अन्यत्र नाही. 'कल्याण मुरुंगै' म्हणजे आपला पांगारा. त्याचे लाकूड हलके म्हणून निवडलेले, तरीही तयार बाहुलीचा भार एवढा होतो.

हा भार पेलण्याची युक्ती विलक्षण आहे. बाहुलीच्या दोऱ्या एका लोखंडी कड्याला बांधलेल्या असतात आणि ते कडे बाहुलीकार मुकुटासारखे आपल्या डोक्यावर चढवितो. बाहुलीचे हात दांड्यांनी हलविले जातात, म्हणून त्याचे दोन्ही हात खाली गुंतलेले. डोके हलले की बाहुलीचे धड हलते, तो वाकला की ती वाकते. त्यामुळे तो बाहुली नाचवितो असे म्हणण्यापेक्षा काळ्या पडद्याआड तो स्वतःच नाचतो आणि बाहुली त्याच्या नाचाचा पुढचा भाग होते, हे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. पायांत चाळ बांधून ताल धरण्याची जबाबदारीही त्याचीच. या कलेत उमेदवारी दीर्घ, उमेदीचा काळ शरीराच्या ताकदीवर मोजलेला, आणि मान व खांदे थकले की गाण्याकडे, संवादांकडे किंवा नव्या मुलांना शिकविण्याकडे वळणे अपरिहार्य. खेळाचा आरंभ ठरलेल्या क्रमाने होतो. विनायकपूजा, मग कोमाळी म्हणजे विदूषक, मग 'अमानाट्टम्' आणि 'पुसेनकनाट्टम्' अशा नृत्याच्या दोन पायऱ्या, आणि नंतर मुख्य आख्यान. 'वळ्ळी तिरुमणम्', हरिश्चंद्र, सीताकल्याण ही नेहमीची आख्याने. संगीत कर्नाटक पद्धतीचे. मंडळीच्या नावात 'सभा' हा शब्द असण्याची रीत आहे. ती केवळ डौलासाठी नाही. देवळाच्या उत्सवाचे किंवा संस्थेचे आमंत्रण आले की जाणारी ही मंडळी आहे, आणि आमंत्रणाने जाणारा कलावंत व दारोदार जाणारा कलावंत यांतील सामाजिक अंतर तमिळ मुलखात, तसेच महाराष्ट्रातही, थोडे नाही.

दोरी ओढणारा आणि ओढला जाणारा यांच्या नात्यावर भारतीय विचारवंतांनी पुष्कळ रूपके उभारली. 'तिरुक्कुरळ'मधील १०२० वी द्विपदी लज्जाहीन माणसाच्या हालचालींना लाकडी बाहुलीची उपमा देते. तमिळमध्ये 'नाण' या शब्दाचे लज्जा आणि दोरी असे दोन्ही अर्थ असल्याने ही उपमा भाषांतरात निम्मी गळून पडते. ज्ञानेश्वरीतही सूत्राने चालणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त येतो, पण तेथे रोख नीतीवर नसून कर्तृत्वाच्या भ्रमावर आहे. एकच वस्तू दोन भाषांत दोन दिशांना गेली. संस्कृत नाटकातील 'सूत्रधार' हा मुळात बाहुल्यांची सूत्रे धरणारा असावा, हे अनुमान शंकर पांडुरंग पंडित यांनी सुचविले आणि जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी १९०० सालच्या आपल्या व्याख्यानात ते पुढे नेऊन भारत हे बाहुलीनाट्याचे मूळ घर होय असा सिद्धान्त मांडला. या सिद्धान्तावर पुढे बरेच आक्षेप आले आणि ते बहुतांशी योग्य होते. तरी एक गोष्ट खटकते. सूत्रधार या शब्दाची व्युत्पत्ती शोधण्यात जेवढी शाई खर्च झाली, तिचा अल्प अंशही प्रत्यक्ष सूत्रे धरणाऱ्या माणसांवर खर्च झाला नाही.

बोम्मलाट्टम्‌च्या परंपरेत तंजावरच्या भोसल्यांचे नाव आदराने घेतले जाते. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी या कलेला आश्रय दिला, अशी आख्यायिका आहे. ती असंभाव्य म्हणता येणार नाही. व्यंकोजींनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात स्थापलेले हे राज्य १८५५ मध्ये खालसा होईपर्यंत नाट्याच्या बाबतीत अत्यंत सुपीक होते. शहाजीराजांच्या (१६८४ ते १७१२) नावावर 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक आहे. 'पंचभाषाविलास' या त्यांच्याच नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी या भाषा एका रंगमंचावर एकत्र नांदतात. सरफोजींच्या नावावरील 'देवेंद्र कुरवंजी'त तर तमिळ कुरवंजीतील भविष्य सांगणारी कुरवंजी मराठी पदांतून जगाचा भूगोल वर्णन करते. देशी नाट्यप्रकार, परकी ज्ञान आणि दरबारची भाषा यांची अशी गुंफण घालणाऱ्या राजाला दोऱ्यांच्या बाहुल्यांत रस वाटला असेल तर नवल नाही.

या आख्यायिकेतून निघणारी विसंगती मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या कलेचे श्रेय मराठी राजाकडे जाते, ती कला तमिळभाषकांच्या हाती आहे. आणि जे बाहुलीकार आजही घरात मराठी बोलतात, त्यांची कला तंजावरच्या दरबारात रुजली नाही, रस्त्यावर वाढली. मराठी अभ्यासक तंजावरला जातात ते सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांसाठी, मोडी कागदपत्रांसाठी, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेल्या भोसले वंशाच्या प्रदीर्घ मराठी शिलालेखासाठी. जे लिहिले गेले ते सापडले. तंजावरच्या दक्षिणेला गावकुसाबाहेर तंबू ठोकून बसलेल्या मराठीपर्यंत ही वाट पोहोचत नाही.

तमिळनाडूतील कातडी बाहुल्यांच्या कलावंतांना 'मंडिगर' असे म्हणतात. पुरुषांच्या नावापुढे बहुधा 'राव' लागते. मद्रास शहरात शासनात व शिक्षणात नाव मिळविलेल्या तंजावरी देशस्थांच्या नावापुढेही 'राव'च लागते, आणि एवढ्या एका अक्षरावरून पाहणाऱ्याचा गोंधळ उडू शकतो. परंतु दोन्ही समाजांचे जीवन एकमेकांना स्पर्श करीत नाही. देशस्थांची तंजावरी मराठी हिशेबाच्या वह्यांतून, कीर्तनांतून आणि पत्रव्यवहारातून लिहिली गेली, अभ्यासिली गेली. मंडिगरांची मराठी केवळ तोंडी राहिली. त्यांच्यातील पिढीजात समजूत अशी की मराठ्यांच्या बरोबर पूर्वज तंजावरला आले आणि तेथून रामनाड, मदुरै, तिरुनेलवेली असे दक्षिणेकडे सरकत कन्याकुमारीपर्यंत गेले.

या समाजातील बाहुलीकाराचे आयुष्य प्रवासातच सुरू होई. कुटुंब हीच मंडळी. बैलगाडीत बाहुल्यांचा पेटारा, पडद्याचे कापड, तंबूचे बांबू, मृदंग, पायपेटी, झांजा आणि स्वयंपाकाची भांडी असा संसार. मूल प्रथम झांज धरी, पुढे मृदंगावर हात बसवी, वडिलांच्या शेजारी बसून पुढे लागणारी बाहुली क्रमाने हाती देई. हे शेवटचे काम वाटते तेवढे हलके नाही. रामायणाच्या एका रात्रीत डझनावारी बाहुल्या लागतात. एकाच रामाच्या बसलेला, उभा, धनुष्य ओढलेला अशा निरनिराळ्या आकृती असतात, आणि चुकीची आकृती हाती आली तर संवाद अडतो. म्हणून मुलाला कथा पाठ होते ती बाहुल्यांच्या क्रमाने. लिखित संहिता हाताशी नसलेल्या कलावंताची स्मृती कशी बांधली जाते याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. पेटारा हीच त्याची पोथी, आणि पाने उलटण्याचे काम पोराकडे.

बाहुल्या घरीच केल्या जात. बकऱ्याचे कातडे स्वच्छ करून, ताणून, पातळ करून त्यावर आकृती रेखायची, दागिन्यांच्या जागी लहान छिद्रे पाडायची, दोन्ही बाजूंनी रंग द्यायचा. पडद्यामागे पूर्वी तेलाचा दिवा असे. तो हलला की सावलीही श्वास घेतल्यासारखी हले. विजेचा दिवा आल्यावर रंग उजळले आणि हा श्वास गेला. तमिळ बाहुल्या आंध्रातील पुरुषभर उंचीच्या आकृतींपुढे लहान दिसतात आणि त्याचे एक कारण खेळाच्या रचनेतच आहे. आंध्रात अनेकजण पडद्यामागे उभे राहून बाहुल्या नाचवितात. तमिळनाडूत मुख्य बाहुलीकार बसून एकटाच सगळ्या बाहुल्या चालवितो आणि सगळ्या पात्रांचे आवाज काढतो. राम, रावण, सीता, शूर्पणखा, हनुमान आणि दोन विदूषक, सर्व एका कंठातून. स्त्रिया पायपेटी व गाणे सांभाळतात. कुटुंबातील स्त्री गाणारी नसेल तर खेळ उभा राहत नाही, म्हणून या समाजात लग्न ही कलेचीही सोयरीक होती.

कामाचा हंगाम सुगीशी बांधलेला. पिके घरात आली, लोकांच्या हाती धान्य व फुरसत आली, की गाडी निघे. पावसाळ्यात तंबू निरुपयोगी. त्या दिवसांत जुन्या बाहुल्यांची डागडुजी, नव्यांची कातरणी आणि मिळेल ती मजुरी. गावात पोहोचल्यावर गावच्या प्रमुखाला भेटून जागा मागायची, तंबू ठोकायचा आणि सलग आठ-दहा रात्री रामायण लावायचे. शेवटच्या रात्री पट्टाभिषेक. त्या रात्रीची ओवाळणी, धान्य, वस्त्रे यांवर सगळ्या मुक्कामाचा जमाखर्च जुळे. दक्षिणेत अनेक ठिकाणी बाहुल्यांच्या खेळाने पाऊस पडतो अशी श्रद्धा आहे. अवर्षणाच्या वर्षी, म्हणजे गावाकडे देण्यासारखे सर्वांत कमी असताना, बाहुलीकाराला आग्रहाने बोलावणे येई. त्याच्या व्यवसायाचे अर्थशास्त्र या एका विरोधाभासातून बरेचसे कळते.

आख्यानांची निवड पाहिली तर वाल्मीकी किंवा कंबन यांच्यापेक्षा लोकांच्या मागणीचे वजन अधिक दिसते. मयिलरावणाची कथा म्हणजे मराठीत अहिरावण-महिरावण म्हणून परिचित असलेले आख्यान. वाल्मीकीत ते नाही, पण पाताळ, कपट, हनुमंताचे शौर्य यांमुळे बाहुल्यांना ते फार मानवते. 'नल्लतंगाळ'ची कथा तर पौराणिकही नाही. दुष्काळात मुलांना घेऊन भावाच्या घरी आलेली बहीण, भावजयीने केलेला अपमान, आणि सातही मुलांना विहिरीत लोटून तिने दिलेला जीव. या कथेच्या रात्री प्रेक्षकांतील बायका रडतात, आणि दुष्काळाच्या वाटेवर पोरेबाळे घेऊन चालणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस ती कथा पडद्यामागून सांगत असतो.

उच्चिक्कुडुंबन आणि उळुवत्तलैयन ही विदूषकांची जोडी या खेळाचा प्राण होय. गावात त्या आठवड्यात घडलेले भांडण, सावकाराची नक्कल, सरकारी नोकराची टिंगल, सगळे त्यांच्या तोंडी. देवांच्या संवादांना परंपरेचे बंधन असते, विदूषकांना नसते. येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. विनोद ही परभाषेत साधण्याची शेवटची गोष्ट. घरी मराठी बोलणारा माणूस तिरुनेलवेलीच्या खेड्यातील बोलीत, तेथील शिव्या, म्हणी आणि हेल यांसह तमिळ माणसांना हसवितो. ही तमिळ त्याला शाळेने दिलेली नाही. ती त्याने बाजारात, पाणवठ्यावर, मागील रात्रीच्या प्रेक्षकांच्या हसण्या-न हसण्यातून मिळविली. त्याला 'परभाषेत काम करणारा' म्हणणे म्हणूनच अपुरे पडते. तो दोन्ही भाषांत घरचाच आहे. एका भाषेत तो नवरा, बाप, भाऊ आहे आणि दुसऱ्या भाषेत राम, रावण व उच्चिक्कुडुंबन.

केरळातील पालक्काड परिसराच्या तोल्पावक्कूत्तूशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तेथे भगवतीच्या देवळासमोर छायाबाहुल्यांसाठी कायमचे 'कूत्तुमाडम्' बांधलेले असते. संहिता कंबरामायणाची, म्हणजे मल्याळी मुलखात तमिळ पद्ये, आणि त्यावर पुलवरांचे पांडित्यपूर्ण विवरण. स्टुअर्ट ब्लॅकबर्न यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले की हा खेळ पुष्कळदा जवळपास रिकाम्या मैदानासमोर रात्रभर चालतो, कारण तो देवीसाठी आहे. तेथे भाषेचे अंतर ग्रंथाने राखले आहे, प्रेक्षकाने नव्हे. मंडिगर बाहुलीकाराला ही चैन कधीच परवडली नाही. प्रेक्षक उठून गेला तर त्याचे उद्याचे जेवण उठून जाते. एकाच नावाच्या, एकाच रामकथेच्या आणि जवळजवळ एकाच तंत्राच्या दोन परंपरांत एक ग्रंथनिष्ठ राहिली आणि दुसरी पूर्णतः संवादनिष्ठ झाली, यामागे प्रतिभेचा फरक शोधण्याचे कारण नाही. एकीला देऊळ होते आणि दुसरीला गाडी.

मराठ्यांबरोबर तंजावरला आलो, ही मंडिगरांची स्मृती कितपत ग्राह्य मानावी? केवळ तमिळनाडूकडे पाहिले तर ती पुरेशी वाटते. दृष्टी थोडी वर नेली की अडचण सुरू होते. कर्नाटकात तोगलु गोंबेयाट खेळणारे किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात घरात मराठीचीच एक बोली बोलतात. आंध्रात तोलु बोम्मलाट खेळणारी, अनंतपूर भागातील निम्मलकुंटसारख्या गावांत वसलेली कुटुंबे 'आरे' म्हणजे मराठी म्हणूनच ओळखली जातात. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाज चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला सांभाळून आहे आणि त्यांची खेळाची भाषा मराठीच. सिंधुदुर्गापासून कन्याकुमारीपर्यंत कातडी बाहुली आणि मराठी बोली अशी साथ आढळते. या विस्तृत पट्ट्याचा उलगडा एका दरबाराने होत नाही. कर्नाटकातील आणि आंध्रातील कुटुंबे तंजावरहून तेथे गेली असे मानण्यास आधार नाही. सर्वांचे मूळ एक मानायचे, तर तंजावरच्या राज्याच्या आधीपासून, निदान त्याच्याशी निरपेक्षपणे, दख्खनच्या पठारावरून दक्षिणेकडे सरकणाऱ्या फिरस्त्या कलावंतांचे लहान लहान प्रवाह मानावे लागतील, ज्यांपैकी एक प्रवाह तंजावरच्या आश्रयाच्या वार्तेने कावेरीकडे वळला असेल. मग 'राजाबरोबर आलो' हे विधान ऐतिहासिक घटनेपेक्षा प्रतिष्ठेचा दाखला ठरते. त्याला खोटे म्हणण्याचे कारण नाही. भटक्या माणसाला गावाच्या वेशीवर 'तुम्ही कोण' हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि राजाचे नाव हे त्याचे सर्वांत संक्षिप्त उत्तर असते.

घरची आणि पडद्यामागची भाषा भिन्न असणे ही मराठीभाषक बाहुलीकारांचीच गोष्ट नव्हे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कुंदापूरजवळच्या उप्पिनकुद्रू येथील कोग्गा देवण्णा कामत यांचे उदाहरण बोलके आहे. कोकणी बोलणाऱ्या गौड सारस्वत घराण्यात पिढीजात चालत आलेला यक्षगान गोंबेयाट, म्हणजे यक्षगानाच्या वेशभूषेतील कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, त्यांनी कन्नडमध्ये सादर केला, देशाबाहेर नेला आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळविला. पुढे त्यांचे पुत्र भास्कर कामत यांनी ती मंडळी चालविली. फरक एवढाच की कामतांना घर होते, गाव होते आणि परत येण्याचा पत्ता होता. त्यांच्या द्विभाषिकतेला कोणी उपरेपणा म्हटले नाही. मंडिगर मात्र तमिळांच्या दृष्टीने बाहेरचे आणि मराठींच्या दृष्टीने अस्तित्वातच नसलेले, असे दुहेरी परके राहिले.

मराठी नाट्येतिहासाची मांडणीही या दुर्लक्षाला कारणीभूत आहे. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेथून एक आरंभ. तंजावरची नाटके उजेडात आल्यावर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून दुसरा आरंभ. या दोन आरंभांवरून वाद झाले ते नाटकाची संहिता आणि प्रयोग यांच्या निकषांवर. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या आणि त्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या, ही हकिकत या वादात तळटीपेपुरतीच राहिली. सांगलीपुढच्या काळात मराठी नाटक मंडळ्या दक्षिणेत दौरे करू लागल्या. त्यांचे खेळ पाहून तंजावरच्या गोविंदसामी राव यांनी 'मनमोहन' ही तमिळ नाटक कंपनी उभी केली, आणि आधुनिक तमिळ रंगभूमीच्या इतिहासात या मराठी तमिळाचे नाव सन्मानाने येते. त्याच तमिळ मुलखात बैलगाडीतून फिरणाऱ्या रावांचे येत नाही.

फिरत्या बाहुलीकाराला पहिला मोठा शह फिरत्या सिनेमाने दिला. १९०५ मध्ये तिरुचिरापल्लीच्या सामिकण्णु विन्सेंट यांनी एका फ्रेंच प्रवाशाकडून प्रक्षेपक विकत घेऊन गावोगाव खेळ सुरू केले. तंबू तोच, अंधार तोच, पांढरा पडदाही तोच. सावलीच्या खेळाला सावलीच्याच खेळाने हटवावे, हा योगायोग नुसता गमतीचा नाही. प्रेक्षकाला अंधारात बसून उजळलेल्या कापडाकडे पाहण्याची सवय बाहुलीकारांनी आधीच लावून ठेवली होती. त्यानंतरच्या दशकांत बाहुलीकारांनी चित्रपटगीतांच्या चाली उचलल्या, मध्यंतरात नाचाच्या बाहुल्या घातल्या, रामायणाच्या रात्री कमी केल्या. दूरचित्रवाणी आल्यावर मात्र तडजोडीला जागा उरली नाही. दहा रात्रींचे आख्यान एका तासावर आले. ज्याच्या कंठात दहा रात्रींचे रामायण आहे त्याने शाळेच्या पटांगणात तासाभरात ते आटोपायचे, किंवा कुटुंबनियोजनाचा वा एड्स-प्रतिबंधाचा सरकारी संदेश विदूषकांच्या तोंडी घालायचा, असे त्याच्या व्यवसायाचे रूप झाले.

या रूपाचे केंद्र चेन्नई. मद्रास शहराने पूर्वी बाहुलीकाराची नोंद केली होती. आता ते त्याला कार्यक्रम देऊ लागले. १९९६ मध्ये मुट्टुकाडू येथे सुरू झालेले दक्षिणचित्र, १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय लोकसंस्कृती साहाय्य केंद्र, 'इयल इसै नाटक मन्रम्'कडून दिली जाणारी 'कलैमामणी' पदवी, २००७ पासून काही वर्षे पोंगलच्या सुमारास शहरातील उद्यानांत भरलेला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेला 'चेन्नई संगमम्' हा लोककलांचा उत्सव, या सर्वांतून लोककलावंताला शहरी प्रेक्षक, मानधन आणि प्रमाणपत्र मिळाले. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि या व्यासपीठांवर तो 'तमिळ लोककलावंत' म्हणून उभा राहतो, आणि तमिळ अभ्यासकांनी, विशेषतः मु. रामस्वामी व अ. का. पेरुमाळ यांनी, त्याच्या कलेचा जो परिश्रमपूर्वक अभ्यास केला तोही साहजिकच तमिळ कलाप्रकार म्हणून. त्यांनी आपले काम केले. मराठीच्या बाजूने करावयाचे काम राहून गेले. मराठी विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी १९१२ मध्ये मद्रासमध्ये 'महरट्टा एज्युकेशन फंड' ही संस्था उभी राहिली. शहरातील सुशिक्षित मराठी समाजाची ती निकड होती. फिरत्या तंबूतील पोरांचे नाव शाळेच्या पटावरच नसल्याने अशा शिष्यवृत्तीपर्यंत त्यांची वाट कशी जाणार होती, हे सांगण्याची गरज नाही.

सन्मान आले तेही राज्यांच्या हद्दी धरून. निम्मलकुंटच्या दळवायी चलपती राव यांना २०२० मध्ये, पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये आणि कोप्पळ जिल्ह्यातील भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पहिल्याची गणना आंध्राच्या, दुसऱ्याची महाराष्ट्राच्या आणि तिसरीची कर्नाटकाच्या यादीत झाली. तिघांच्या बोलीतील नाम-क्रियापदे, नातेवाचक शब्द, कातडे कमावण्याची आणि बाहुलीच्या अवयवांची परिभाषा शेजारी शेजारी मांडून पाहिली तर स्थलांतराचा क्रम ठरविण्यास, निदान कोणती शाखा केव्हा वेगळी झाली याचा अंदाज बांधण्यास, राजघराण्याच्या कोणत्याही आख्यायिकेपेक्षा भरवशाचा पुरावा हाती येईल. त्यात मंडिगरांची बोली घालणे अगत्याचे आहे, कारण मूळ प्रदेशापासून ती सर्वांत दूर गेलेली आहे आणि दूर गेलेल्या बोलीत जुनी रूपे टिकण्याचा संभव अधिक असतो. स्थिर वस्ती झालेल्या कुटुंबांतील मुले तमिळ शाळांत जातात. बाहुल्यांचा व्यवसाय सोडणाऱ्यांच्या घरी बोलीचा वापर उरतो तो वडीलधाऱ्यांशी बोलण्यापुरता. खेळाचे तमिळ संवाद बऱ्याच अंशी ध्वनिमुद्रित झाले आहेत. पडद्यामागे बायकोला सूर धरायला आणि मुलाला पुढची बाहुली द्यायला सांगताना बाहुलीकार ज्या भाषेत बोलतो, तिचा कोश अद्याप व्हावयाचा आहे.